धुक्यालाही इशारा पातळी ठरवावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

धुक्यात उसाच्या ट्रॉलीला पाठीमागून धडक, ही बातमी गळीत हंगामात जिल्हा पानावर इतक्यांदा येते की वाचताना गावाचे नाव तेवढे बदलल्यासारखे वाटते. पुढची वाक्ये ठरलेली असतात: दाट धुके होते, समोरचे काही दिसत नव्हते, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. दोन दिवस हळहळ होते, रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते, तिचे छायाचित्र छापून येते आणि पुढच्या आठवड्यात धुके पुन्हा पडते. धुके ही निसर्गाची गोष्ट, तिला कोण काय करणार, असा एक सूर या सगळ्यामागे असतो आणि माझा आक्षेप नेमका त्या सुराला आहे. महापूर हीसुद्धा निसर्गाचीच गोष्ट आहे. तरीही पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आपल्या कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते; त्या आकड्यांवर घरे रिकामी होतात, जनावरे हलवली जातात, वाहतूक वळवली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये परगावच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘पाणी किती फुटांवर आहे?’ हाच असतो. हिवाळ्यातील धुक्याला मात्र असा सर्वांच्या तोंडी असलेला एकही आकडा नाही. तो ठरवावा आणि त्या आकड्याला काही कामे बांधून द्यावीत, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र आहे.

आपला हिवाळा सौम्य आहे, हे खरे. पारा दहा-बारा अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो आणि वृत्तपत्रे हुडहुडीचे मथळे देतात. परंतु हिवाळी रस्त्यांवरील मोठ्या फजित्यांचा इतिहास पाहिला तर त्यांतील कित्येक सौम्य हवामानाच्या शहरांतच घडलेल्या दिसतात. जेथे वर्षातील चार-पाच महिने बर्फ असते, तेथे वाहन, चालक आणि नगरपालिका या तिघांनाही त्याची सवय असते. जेथे ते क्वचित पडते, तेथे यंत्रे नसतात, सवय नसते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी कधी काय ठरवायचे हेच ठरलेले नसते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अटलांटा शहराचे उदाहरण यासाठी मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखे आहे. २८ जानेवारी २०१४ रोजी तेथे जेमतेम अडीच इंच बर्फ पडले. उत्तरेकडील शहरांत एवढ्या बर्फासाठी कोणी शाळेची घंटाही पुढे ढकलत नाही. हवामान खात्याने त्या दिवशी पहाटेच इशारा दिलेला होता, तरी सकाळी सर्व काही नेहमीप्रमाणे सुरू झाले. दुपारी बर्फ पडू लागल्यावर शाळा, सरकारी कार्यालये आणि खासगी कचेऱ्या अशा सर्वांनी आपापल्या माणसांना जवळपास एकाच वेळी घरी सोडले. लाखो लोक एका दमात रस्त्यावर आले, चाकांखालचे बर्फ दाबले जाऊन आणि वितळून पुन्हा गोठले, चढावर अवजड ट्रक आडवे झाले, आणि बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ पसरण्यासाठी निघालेल्या गाड्याही त्याच कोंडीत अडकल्या. हजारो माणसांनी ती रात्र मोटारीत काढली. कित्येक मुले शाळेतच झोपली, काही तर शाळेच्या बसमध्ये अडकून पडली आणि एका मुलीचा जन्म महामार्गावर, कोंडीत सापडलेल्या मोटारीत झाला. जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरना पुढे जाहीर माफी मागावी लागली.

या हकिकतीचा जो भाग फारसा सांगितला जात नाही, तो मला अधिक मोलाचा वाटतो. अवघ्या दोन आठवड्यांनी, फेब्रुवारीत, त्याच शहरावर दुसरे हिमवादळ आले. दरम्यानच्या काळात अटलांटाने काही शेकडो यंत्रे विकत घेतली नव्हती आणि तेथील चालकही पंधरवड्यात बर्फावर गाडी चालवायला शिकले नव्हते. या वेळी आणीबाणी आधीच जाहीर झाली, शाळा आधीच बंद ठेवल्या गेल्या, लोकांना घरी राहण्यास वेळेवर सांगण्यात आले आणि एरवी वाहनांनी तुंबलेले ते महामार्ग जवळजवळ रिकामे राहिले. निर्णय दुपारी घाईघाईने घेण्याऐवजी आदल्या दिवशी घेतला, एवढाच काय तो मोठा फरक होता.

दुसरे उदाहरण टेक्सासमधील फोर्ट वर्थ शहराचे आहे आणि ते अधिक दुःखद आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी पहाटे तेथील एका महामार्गाच्या उंचावरून जाणाऱ्या भागावर हलका पाऊस पडून गोठला आणि तेथे १३३ वाहने एकमेकांवर आदळली. सहा जणांचा मृत्यू झाला. त्या रस्त्यावर मीठपाण्याची फवारणी झालेली होती, पण ती जवळपास दोन दिवस आधी. त्यानंतरच्या पावसात रस्त्याची अवस्था काय झाली आहे, यावर पुरेसे लक्ष राहिले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब मिळते, पुलाला मात्र वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा लागतो, म्हणून बर्फ आधी पुलावर धरते. मागचा रस्ता चांगला असल्यामुळे चालक वेगात येतो आणि पुलावर अचानक फसतो.

बर्फाचे सोडा, पण हे अचानक फसणे आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. बालिंग्याच्या पुलावर, शिरोलीच्या बाजूला पंचगंगेच्या पात्रालगत किंवा दूधगंगेच्या काठाने जाताना चांदणे लख्ख असते आणि पुढच्याच वळणावर गाडी पांढऱ्या भिंतीत शिरते. आकाश निरभ्र असलेल्या, वारा पडलेल्या रात्री जमीन वेगाने थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. आपल्याकडे नदीचे पात्र आणि त्याच्या दोन्ही अंगांनी मैलोन्मैल पसरलेले, पाणी पाजलेले उसाचे फड यांमुळे या बाष्पाला तोटा नाही. असे धुके सखल भागात साचते, सूर्य उगवल्याबरोबर विरण्याऐवजी पुष्कळदा थोडा वेळ उलट दाटते आणि नेमका तोच वेळ पहिल्या पाळीच्या कामगारांचा, दुधाच्या गाड्यांचा व सकाळच्या शाळेचा असतो. गगनबावडा, आंबा, फोंडा, आंबोली या घाटांतील धुके निराळ्या जातीचे. कोकणातून वर चढणारी दमट हवा कड्याशी येऊन थंड होते आणि ढगच रस्त्यावर उतरतो. तो तासाभरात येतो आणि तासाभरात जातोही. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे दहा किलोमीटर अलीकडच्या माणसाला पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नसते.

अशा धुक्यात उसाची ट्रॉली पाठीमागून कशी दिसते, हे ज्यांनी कळे-साळवण रस्त्यावर पहाटे प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी थोडे लिहितो. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागचीचे फळकूट आपल्याला दिसायला हवे, पण मोळ्या त्याच्याही बाहेर दोन-तीन हात आलेल्या असतात आणि त्यांचे टोकाकडचे सुकलेले पाचट खाली लोंबत असते. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या आवारात समारंभाने चिकटवलेली लाल पट्टी त्या पाचटामागे असते. पट्टी उघडी असलीच तर फडातून निघताना उडालेल्या चिखलाचा थर तिच्यावर वाळलेला असतो. मागचा दिवा असतो, पण त्याची वायर जोडणीपाशी तुटलेली असते, कारण ट्रॉल्या फडात सोडताना आणि पुन्हा जोडताना ती रोज ओढली जाते. ऊस आणि धुके यांचा रंग पहाटेच्या उजेडात जवळपास एकच दिसतो. दिसते ते शेवटच्या क्षणी, आणि दिसतात त्या उसाच्या बुडख्यांच्या गोल चकत्या, त्याही थेट काचेच्या उंचीवर.

यात ट्रॅक्टरवाल्याला खलनायक करण्याची माझी इच्छा नाही. त्याला टनावर पैसे मिळतात, खेप चुकली तर त्याचा दिवस बुडतो, आणि ट्रॉली भरून देणारी टोळी मध्यरात्रीपासून थंडीत उभी असते. बैलगाडीवाल्याचे तर विचारूच नये. बीडकडून आलेले जोडपे, गाडीवर पोर गोधडीत गुंडाळलेले, आणि मागून ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या मोटारीपासून त्यांचे संरक्षण करायला दांडीला बांधलेले एक फडके. मोटारवाल्याचाही दोष कमी नसतो. धुके दिसताच तो हेडलाइट वर करतो. तो प्रकाश समोरच्या थेंबांवर आपटून त्याच्याच डोळ्यांत परत येतो आणि होते तेवढे दिसणेही बंद होते. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवण्याची एक नवी रीत आली आहे, तिच्यामुळे पुढची गाडी वळणार आहे, थांबली आहे की चालली आहे यातले काहीच मागच्याला कळत नाही. एखादा शहाणा तर अगदीच दिसेनासे झाले म्हणून रस्त्यावरच, डांबरावरच, गाडी उभी करतो.

आता जेथे या गोष्टींचा नीट विचार झाला आहे, तेथे काय करतात ते पाहावे. इंग्लंडचा हिवाळा युरोपच्या मानाने सौम्य असतो; तापमान शून्याच्या थोडे वर, थोडे खाली असे झुलत राहते आणि म्हणूनच तेथे रस्त्यावर मीठ टाकणे उपयोगी पडते, कारण फार कडाक्याच्या थंडीत मिठाचा प्रभाव झपाट्याने कमी होतो. चेशायर परगण्यातील विन्सफर्डच्या जुन्या खाणीतून हे मीठ मोठ्या प्रमाणावर येते. परंतु मला कौतुक वाटते ते मिठापेक्षा त्यांच्या निर्णयाच्या पद्धतीचे. रस्त्यात बसवलेल्या संवेदकांवरून आणि अंदाजावरून स्थानिक परिषदेचा त्या दिवशीचा जबाबदार अधिकारी दुपारीच ठरवतो की आज रात्री रस्त्याचा पृष्ठभाग गोठण्याइतका थंड होईल की नाही. होण्याची शक्यता असेल तर दव गोठण्यापूर्वीच गाड्या निघतात. सगळ्या रस्त्यांवर त्या जात नाहीत. कोणत्या रस्त्यांवर मीठ पडेल आणि कोणत्यांवर पडणार नाही, याची यादी आधीच प्रसिद्ध केलेली असते, म्हणजे उरलेल्या रस्त्यांवरच्या लोकांनाही आपल्या सोयीचे आपण पाहता येते. अंदाज चुकून रस्ता गोठलाच नाही, तर त्या रात्रीचे मीठ वाया गेले असे समजून ते पुढे जातात. आपल्याकडे अंदाज एकदा चुकला की तो देणाऱ्याची वर्षभर टिंगल होते, आणि मग कोणी अंदाज देण्याच्या फंदात पडत नाही. (स्कॉटलंडमध्ये या मीठ पसरणाऱ्या गाड्यांना लोकांनी सुचवलेली गमतीदार नावे दिलेली आहेत आणि त्या कोठे आहेत हे नकाशावर पाहता येते. उसाच्या ट्रॉल्यांना नावांचा आणि गाण्यांचा तोटा आपल्याकडेही नाही, दिव्यांचा आहे.)

इटलीत अनेक रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी टायर लावलेले असणे किंवा बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत असणे बंधनकारक असते. त्या दिवशी बर्फ पडले आहे की ऊन आहे, याच्याशी नियमाला कर्तव्य नसते; तारीख आली की तयारी झालेली असली पाहिजे. फ्रान्समध्ये दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेली की सर्व रस्त्यांवर, महामार्गांवरसुद्धा, वेगमर्यादा आपोआप ताशी ५० किलोमीटर होते. जर्मनीतही धुक्यासाठी असाच नियम आहे आणि तेथील मागचा झगझगीत धुके-दिवासुद्धा ५० मीटरच्या आत दिसेनासे झाले तरच लावायचा असतो. आता ५० मीटर म्हणजे किती, हे चालकाने धावत्या गाडीतून कसे ओळखायचे? तर तेथील रस्त्यांच्या कडेला पांढरे खुंट असतात आणि त्यांच्यातील अंतर सरळ रस्त्यावर ५० मीटर असते. पुढचा खुंट दिसला नाही की नियम लागू झाला. विजेची गरज नाही आणि कोणाच्या घोषणेची वाट पाहण्याचीही गरज नाही.

आपल्याच देशातील उदाहरण हवे असेल तर ग्रेटर नोएडा ते आग्रा या १६५ किलोमीटरच्या यमुना द्रुतगती मार्गावर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हलक्या वाहनांची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते. तेथे तरीही अपघात होतातच आणि मर्यादा पाळली जाते किती हा प्रश्न उरतो, पण निदान हिवाळा हा वाहतुकीचा वेगळा हंगाम आहे हे कागदावर मान्य झालेले आहे.

हे आकडे आपल्या घाटरस्त्यांना लावून पाहावेत. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार थांबायला ५३ मीटर लागतात असे दिले आहे. त्यात धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतरही धरलेले आहे. म्हणजे ५० मीटरपर्यंतच दिसत असताना ऐंशीने गाडी हाकणारा माणूस, तो कितीही कुशल असला तरी, समोर उभ्या असलेल्या ट्रॉलीला धडकणारच. ओल्या, दवाने निसरड्या झालेल्या किंवा मळी सांडलेल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. बर्फावर तर ते दहापटीपर्यंत जाऊ शकते असे हीच नियमावली सांगते.

तेव्हा आकडा कोणता, हा प्रश्न अवघड नाही. भारतीय हवामान विभाग दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की धुके दाट आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट असे म्हणतोच. २०० मीटर ही आपली इशारा पातळी आणि ५० मीटर ही धोका पातळी. ३९ आणि ४३ फूट जसे आपल्या तोंडी बसले, तसे हेही बसतील.

मोजायचे कोणी, असे कोणी विचारील. उजळाईवाडीच्या विमानतळावर विमानांसाठी दृश्यमानता पाहावीच लागते, पण तेथील आकडा बालिंग्याला किंवा गगनबावड्याला चालणार नाही, कारण आपले धुके ठिकाणापुरते असते. त्यासाठी महागडी यंत्रे येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. ठरावीक अंतरावरची खूण दिसते की नाही हे डोळ्यांनी पाहून दृश्यमानता सांगण्याची पद्धत हवामानशास्त्रात फार जुनी आणि मान्यताप्राप्त आहे. बालिंगा पूल, शिये फाटा, केर्ली, कागल, किणी टोल नाका, कोगनोळी, राधानगरी, आंबा आणि गगनबावडा अशी ठिकाणे निवडावीत. तेथील पोलीस चौकी, टोल नाका किंवा चोवीस तास उघडा असलेला पेट्रोल पंप हे ठाणे समजावे, तेथून टेप लावून ५० आणि २०० मीटरवर एकेक खांब उभा करावा आणि त्यावर पांढरे-काळे पट्टे मारून रिफ्लेक्टर बसवावा. पहाटे चार, पाच, सहा आणि सात वाजता तेथील माणसाने दाराबाहेर येऊन दोन खांबांकडे पाहायचे आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला तीनपैकी एक शब्द कळवायचा: मोकळे, इशारा, धोका. पुराच्या दिवसांत हाच कक्ष कित्येक बंधाऱ्यांची माहिती गोळा करून तासातासाला लोकांपर्यंत पोहोचवतो. हिवाळ्यात त्याला नऊ ठिकाणांची माहिती घेणे जड जाऊ नये.

परंतु नुसता आकडा कळून उपयोग नाही. त्या आकड्यावर कोणी काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे आणि माझ्या मते सर्वांत मोठा वाटा साखर कारखान्यांचा आहे. इशारा पातळीला कारखान्याच्या शेती विभागाने फडावरच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या माणसाला, फोन करावा आणि भरलेली ट्रॉली वा गाडी रस्त्यावर न आणता फडाच्या बांधावर किंवा गावच्या मोकळ्या जागेत थांबवावी. रस्त्यावर आधीच आलेल्या वाहनांना थांबण्यासाठी प्रत्येक मार्गावर डांबरापासून आत असलेली दोन-तीन ठिकाणे नक्की करावीत. धोका पातळीला मोटारींना ताशी ३० ते ४० ची मर्यादा लावावी, घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी अवजड वाहने थांबवून ठेवावीत आणि एसटी व खासगी गाड्या ठरावीक अंतराने सोडाव्यात. सकाळच्या शाळांच्या बाबतीत अटलांटाची गोष्ट लक्षात ठेवावी. मुले निम्म्या वाटेत असताना सुट्टी जाहीर करणे हे काहीही जाहीर न करण्यापेक्षा वाईट असते. म्हणून संध्याकाळी आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, हवामान विभागाचा अंदाज धुक्याचा असेल, तर नदीकाठच्या गावांतील शाळा दुसऱ्या दिवशी एक तास उशिरा भरतील, हे रात्री आठपर्यंत सांगितले गेले पाहिजे. कागल, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींनी अशा दिवसांत पहिल्या पाळीच्या कामगारांना उशिराची थोडी सवलत दिली, तर दुचाकीवरून जीव मुठीत धरून येणाऱ्यांची घाई तेवढी कमी होईल.

कारखान्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ऊस तुटल्यानंतर वेळ गेला की वजन घटते आणि उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण, कमी होतो. गव्हाण, म्हणजे गाळपासाठी ऊस टाकायची जागा, रिकामी राहिली तर नुकसान वेगळेच. हा आक्षेप खोटा नाही. तथापि कारखान्याच्या यार्डात वजनकाट्यासमोर लागलेली रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हेही ठाऊक आहे की तीच ट्रॉली तेथे कित्येक तास उभी असते. जो ऊस यार्डात अर्धा दिवस वाळतो, तो फडाच्या बांधावर दोन तास थांबल्याने काय मोठे बिघडणार आहे? उलट रात्रीच यार्डात पुरेसा ऊस आणून ठेवण्याचे नियोजन केले तर पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत गव्हाणीला खंडही पडणार नाही. ट्रॅक्टरवाल्याची खेप बुडणार असेल तर त्याला थांबण्याचे थोडे पैसे द्यावेत. धडक झाल्यावर ट्रॅक्टर पोलीस ठाण्याच्या आवारात महिनोन्महिने उभा राहतो, त्या मानाने ही रक्कम किरकोळ ठरेल.

रिफ्लेक्टरच्या बाबतीत इटलीच्या तारखेचा धडा घ्यावा. मोहीम अपघातानंतर निघण्याऐवजी, ठरलेल्या तारखेनंतर मागचा दिवा आणि पट्टी नसलेल्या वाहनाचा काटाच करायचा नाही, असा नियम कारखान्यांनी आपण होऊन लावावा. काट्यावर प्रत्येक वाहन थांबतेच. यापेक्षा सोपी तपासणीची जागा जिल्ह्यात दुसरी नाही आणि तेथे वेगळा पोलीसही लागत नाही. पट्टी फळकुटावर न लावता, मोळ्यांच्या टोकाशी बांधायच्या एका आडव्या काठीवर लावावी, म्हणजे ती पाचटामागे जाणार नाही. तीच काठी माल उतरताना सोडायची आणि परतीच्या वेळी रिकाम्या ट्रॉलीला अडकवायची. हे एखाद्या गावातल्या सुताराला सांगितले तर एका दुपारचे काम आहे. बैलगाड्यांसाठी बॅटरीवर चालणारे, लुकलुकणारे लाल दिवे सायकलच्या दुकानात मिळतात आणि ते देण्याची जबाबदारी तोडणी-वाहतुकीच्या करारात लिहिता येईल. ऊसतोड मजुराला आगाऊ दिलेल्या उचलीतून मात्र ती रक्कम कापू नये.

माणसांची उणीव आपल्याकडे कधीच पडलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये फिलोमेना वादळाने माद्रिदमध्ये सुमारे अर्धा मीटर बर्फ पडले, तेव्हा डॉक्टर आणि परिचारिकांना रुग्णालयांपर्यंत पोहोचवण्यासाठी चारचाकी चालना असलेल्या गाड्यांचे मालक आपण होऊन पुढे आले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात महामार्ग बंद पडला असता आपल्या तालीम मंडळांनी, मच्छीमारांनी आणि ट्रॅक्टरवाल्यांनी काय केले हे मी नव्याने सांगण्याची गरज नाही. पण ती धावपळ पाणी चढल्यानंतरची होती. धुक्यात धडक झाल्यावर धावून जाणारी गावेही अशीच आहेत. फड रस्त्याला लागून असलेल्या गावांतील कित्येक तरुणांनी चेपलेल्या गाडीतून माणसे काढली आहेत. त्यांच्यावर ती वेळ कमी यावी यासाठी खांब, फोन आणि काठी एवढेच मागणे आहे.

या कामासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे, आणि पूर नियंत्रणाच्या आढावा बैठका पावसाळ्यापूर्वी नियमाने होतात. तशीच एक बैठक कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या, आधी घ्यावी, तिला सर्व कारखान्यांचे शेती अधिकारी, एसटीचे आगार व्यवस्थापक, प्रादेशिक परिवहन अधिकारी, महामार्ग पोलीस आणि शिक्षणाधिकारी यांना बोलवावे, आणि दोन आकडे व नऊ ठिकाणे नक्की करून टाकावीत. आपल्या दैनिकानेही पावसाळ्यात पहिल्या पानावर बंधाऱ्याची पातळी छापली जाते तशी, हंगामाच्या काळात आदल्या पहाटे कोणत्या ठिकाणी किती वाजेपर्यंत ‘धोका’ होता याची छोटी चौकट छापावी, अशी विनंती आहे. महिनाभर ती छापून आली की कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळी निघू नये, हे लोक स्वतःच ठरवू लागतील. आणि ज्या ठिकाणची माहिती कोणी कळवलीच नाही, तेथे कोरी जागा सोडावी.

आपला,
एक नियमित वाचक,
कोल्हापूर